चवदार तळ्याची जमीन कोणाची?

दरवर्षी २० मार्चला आम्ही महाडला जातो, तळ्याच्या पायऱ्या उतरतो आणि ओंजळभर पाणी घेतो. या पाण्यावर आमच्याकडे गाणी झाली, जलसे झाले, हजारो भाषणे झाली. पण त्या पाण्याखालच्या जमिनीबद्दल आम्ही फारसे बोलत नाही. वास्तविक १९२७ ते १९३७ अशी दहा वर्षे जो खटला चालला, त्याची सुरुवात त्याच प्रश्नाने झाली होती.

आधी कायदा पाहू. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या कलम ३७ ने जाहीर केले की, समुद्राचा, खाडीचा, नदीचा, ओढ्या-नाल्यांचा, सरोवरांचा आणि तलावांचा तळ, त्यावर दुसऱ्या कोणाची मालकी नसेल तर, सरकारचा. इंग्रजांनी हे अस्पृश्यांच्या कळवळ्याने केले नाही. त्यांना महसूल हवा होता. पण त्याचा एक परिणाम असा झाला की पाणवठा 'आमचा' म्हणणाऱ्याला आता मालकीचा पुरावा दाखवावा लागणार होता. मनुस्मृतीच्या जोरावर पाणवठ्यावर पहारा बसवता येत होता, मालकीचा कागद निघत नव्हता.

पुढचा घटनाक्रम कार्यकर्त्यांना पाठ आहे. ४ ऑगस्ट १९२३ चा बोले ठराव, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव, २० मार्च १९२७, आणि त्यानंतर १०८ घागरींचे 'शुद्धीकरण'. मात्र एक गोष्ट आम्ही पटकन विसरतो. ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. म्हणजे तळे सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात होते आणि तीच संस्था लोकांच्या एका भागावर दार लावत होती. सरकारी मालकी म्हणजे आपोआप लोकांची मालकी नव्हे, हा धडा आम्हाला तेव्हाच मिळाला होता.

डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी दिवाणी दावा लावला. तळे खासगी स्वरूपाचे असून ते फक्त स्पृश्यांचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. बाबासाहेबांनी तो मोडला नाही. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली, पाण्याचा प्रश्न मात्र न्यायालयात लढायचे ठरले. फेब्रुवारी १९२८ मध्ये तो हुकूम उठला, दावा चालूच राहिला.

तळे चार-पाच एकरांचे. भोवती नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे बहुतेक सवर्णांची घरे. काठावरच्या जमिनीच्या पट्ट्या, पायऱ्या आणि बांधीव काठ यांतले बरेचसे त्याच घरमालकांचे. गावची वस्ती सात-आठ हजार, त्यात अस्पृश्य चारशेहून कमी, आणि तळ्याजवळ त्यांचे एकही घर नाही. काठ त्यांचा, शेजार त्यांचा, संख्या त्यांची. तरीही तळ्याच्या मालकीचा दावा त्यांना सोडून द्यावा लागला, कारण १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याने तळे नगरपालिकेकडे निहित होते. मग उरली 'वहिवाट': अनादी काळापासून आम्हीच पाणी भरतो, म्हणून आम्हालाच हक्क.

१९३१ मध्ये खालच्या कोर्टाने दावा फेटाळला. सार्वजनिक तळे एका वर्गाने वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्याने वापरणाऱ्याला कायदेशीर हक्क मिळत नाही, असे त्याचे मत पडले. १९३३ मध्ये ठाण्याच्या अपील न्यायालयानेही आमच्याच बाजूने निकाल दिला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी सवर्णांचे अपील फेटाळले. वहिवाट अनादी असल्याचे सिद्ध झाले नाही, हे त्यांचे कारण. तळ्याभोवती सवर्णांची घरे उभी राहण्याआधी कोणी कोणाला अडवत होते की नाही, याचीच त्यांना शंका वाटली.

हा निकाल आम्ही विजय म्हणून साजरा करतो, तो विजय आहेच. पण तो पुराव्यावर मिळालेला विजय आहे. वहिवाट सिद्ध झाली असती तर काय? तळे कायद्याने नगरपालिकेकडे आले म्हणून ती वहिवाट मोडली असती का? ती सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरली असती का? न्यायालयाने स्पष्ट म्हटले की यावर आम्ही मत देत नाही. हा प्रश्न तेरा वर्षे तसाच राहिला. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते हे शब्द नावानिशी लिहिलेले आहेत, ते उगाच नाहीत. महाडने उघडी ठेवलेली फट तिथे बुजली.

आता आजचे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० ने जुन्या कलम ३७ चीच भाषा पुढे नेली. नदी-तलावांचे तळ राज्य शासनाचे. पण १९२७ च्या नगरपालिकेसारखे शासनच उलटले तर? हिमाचलात बियास नदीकाठची जमीन एका हॉटेलला भाडेपट्ट्याने दिली गेली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तपासले, भाडेपट्टा रद्द केला आणि सांगितले की अशा संपत्तीचे सरकार विश्वस्त आहे, मनमानी मालक नाही. २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात पंजाबातल्या एका गावतळ्यावरील अतिक्रमण हटवताना न्यायालयाने सर्व राज्यांना गावच्या सामायिक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला. या निकालाचा हवाला देऊन आमच्या वस्त्यांना नोटिसा आल्या की तो शेवटपर्यंत वाचा. सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना दिलेला पट्टा, किंवा जागेवर आधीच असलेली शाळा-दवाखाना, अशा अपवादात्मक बाबी नियमित करता येतील, असे त्यातच लिहिले आहे. हा भाग नोटिशीत कोणी छापून देणार नाही.

तेव्हा तरुणांनो, आपल्या गावच्या तळ्याचा, ओढ्याचा, नदीपात्राचा कागद काढा. तलाठ्याकडे गावचा नकाशा आणि अतिक्रमणांची नोंदवही, म्हणजे गाव नमुना १-ई, मागा. विदर्भात असाल तर निस्तारपत्रकही पाहा. झोपड्यांची नोंद त्यात बहुधा सापडेल. तळ्यात भराव टाकून उभ्या राहिलेल्या मंगल कार्यालयाची आहे का, ते तपासा आणि नसेल तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.