नाताळच्या सणात मुक्या प्राण्यांचा वाटा

इसवी सन 1833 च्या नाताळात लंडनच्या केन्सिंग्टन राजवाड्यात एका कुत्र्याला भेटी मिळाल्या. कुत्र्याचे नाव डॅश, जात स्पॅनियल. त्याची धनीण 14 वर्षांची राजकन्या व्हिक्टोरिया; पुढे चारच वर्षांनी ती इंग्लंडच्या गादीवर बसावयाची होती. रबराचे तीन चेंडू, आणि हॉलीच्या डहाळ्या व मेणबत्त्या लावून सजविलेले जिंजरब्रेडचे दोन तुकडे, असा तो अहेर होता. या राजकन्येचे बालपण एकाकी गेले. आईच्या आणि आईच्या कारभाऱ्याच्या कडक देखरेखीखाली समवयस्क सोबती तिला फारसे लाभलेच नाहीत. तेव्हा सणाच्या दिवशी घरच्या कुत्र्याचे पान मांडले गेले, यात नवल ते काय?

तथापि नाताळचा घास जनावराला देण्याची चाल याहून पुष्कळ जुनी आहे, आणि तिचे मूळ दिवाणखान्यात नसून गोठ्यात आहे. लूकच्या शुभवर्तमानात बालक येशूला गव्हाणीत निजविल्याचे सांगितले आहे. परंतु बैल किंवा गाढव तेथे होते असे त्यात एका शब्दानेही म्हटलेले नाही. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात बैल, गाढव आणि गव्हाण यांचा एकत्र उल्लेख येतो; भाविकांनी तो जन्मकथेशी जोडला, आणि चौथ्या शतकातील ख्रिस्ती शिल्पांत ही जोडी बाळाजवळ येऊन उभी राहिली. शास्त्राने ज्यांना बोलाविले नव्हते, त्यांना लोकांनी आत घेतले ते असे.

या भावनेला खरे रूप दिले ते असिसीच्या संत फ्रान्सिसने. 1223 साली इटलीतील ग्रेचो या डोंगरी गावी त्याने नाताळच्या रात्री गवताने भरलेली गव्हाण मांडविली, जिवंत बैल व गाढव आणून उभे केले, आणि मशालींच्या उजेडात गावकऱ्यांसमोर उपासना झाली. त्याचा चरित्रकार चेलानोचा थॉमस याने आणखी एक गोष्ट नोंदविली आहे, आणि ती या देखाव्याहूनही मोलाची आहे. बादशहाची भेट झालीच, तर नाताळच्या दिवशी रस्तोरस्ती पाखरांसाठी, विशेषतः चंडोलांसाठी, धान्य पसरावे, आणि त्या रात्री बैलांना व गाढवांना पोटभर उत्तम वैरण मिळावी, असा कायदाच करून मागावयाचा, असे फ्रान्सिसच्या मनात होते. भूतदयेचे उपदेश पुष्कळांनी केले. वैरणीचा कायदा मागावयास निघालेला साधू विरळाच.

तसा कायदा कोणी केला नाही, पण रूढीने ते काम थोडेफार केले. नॉर्वेत नाताळच्या सुमारास ओटच्या कणसांची पेंढी उंच काठीला बांधून पाखरांसाठी अंगणात उभी करतात. पोलंडमध्ये नाताळच्या आदल्या रात्री कुटुंबातील माणसे पातळ पापडासारखी पोळी मोडून एकमेकांना देत, आणि तिचीच रंगीत पोळी गोठ्यातील गुरांना नेऊन देत. मध्यरात्री गुरांना वाचा फुटते, पण ती बोली चोरून ऐकणाऱ्याचे बरे होत नाही, अशी तिकडे समजूत होती. इंग्लंडच्या खेड्यांत त्याच घटकेला बैल गुडघे टेकतात असे म्हणत. कवी टॉमस हार्डीने 1915 साली, महायुद्ध ऐन भरात असताना, याच समजुतीवर कविता लिहिली. पोळ्याला बैलाच्या मुखी पुरणपोळी देणाऱ्या महाराष्ट्राला यातले मर्म वेगळे समजावून सांगावयास नको. वर्षभर ज्याच्या मानेवर जू ठेवले, त्याचे देणे एका दिवशी तरी चुकते करावे, एवढाच त्याचा अर्थ. तेथे लाडाला जागा फारशी नव्हती, हिशेब होता.

शहरात बैल नाही, नांगर नाही. तेथे उरले ते कुत्रे, मांजर आणि पिंजऱ्यातील पाखरू. 1848 साली ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने विंडसरच्या राजवाड्यातील नाताळवृक्षाभोवती जमलेल्या राजकुटुंबाचे चित्र छापले, आणि आईबाप, मुले व झाड असा घरगुती नाताळ मध्यमवर्गात झपाट्याने रुजला. त्या वर्तुळात पाळीव प्राणी सहजच येऊन बसला. मात्र त्याचा वाटा आता कष्टाच्या मोबदल्याचा राहिला नाही, तो प्रेमाचा झाला. प्रेमाची ही वाटणी पुष्कळदा आंधळीही असते. नाताळच्या पुडिंगातील मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, चॉकलेट तर त्याला विषच. आणि नेमके हेच पदार्थ कौतुकाने त्याच्या पुढ्यात येतात.

या प्रेमाची खरी परीक्षा 1939 च्या सप्टेंबरात झाली. युद्ध पुकारले गेले आणि पहिल्या आठवड्याभरात एकट्या लंडनमध्ये सुमारे 4 लाख कुत्री-मांजरे मारविण्यात आली, असा इतिहासकार हिल्डा कीन यांचा निष्कर्ष आहे. लंडनवर अजून बाँब पडावयाचे होते. सरकारचा हुकूमही नव्हता. जनावरे खेड्यात पाठवावी, आणि ते न जमल्यास त्यांचा शांतपणे शेवट करणेच दयेचे, एवढा सल्ला एका पत्रकात होता. मालकांनी आपण होऊन दवाखान्यांच्या दारी रांगा लावल्या. त्यांतल्या कित्येक घरी आदल्या नाताळात ही जनावरे शेकोटीपाशी बसलेली असतील.

शांततेच्या काळातही एक निराळे संकट वाढत होते. सणात भाग घेणारा प्राणी हळूहळू स्वतःच सणाची भेट बनला. गळ्यात फीत बांधलेले पिलू मुलांच्या हाती द्यावयाचे, आणि हौस फिटली की त्याला घराबाहेर काढावयाचे! टाकलेल्या कुत्र्यांचा प्रश्न तसा जुनाच होता. मेरी टील्बी या बाईंनी 1860 साली लंडनच्या हॉलोवे भागात भटक्या कुत्र्यांसाठी आश्रम काढला, तोच पुढे बॅटर्सीला हलला. परंतु सणाचा आणि या टाकून देण्याचा संबंध लोकांच्या डोळ्यांपुढे ठसठशीतपणे आणला तो 1978 साली, 1891 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॅनाइन डिफेन्स लीगने. कुत्रा नाताळापुरता नसून जन्मभराचा असतो, अशा आशयाचे तिचे घोषवाक्य घरोघरी पोचले. या संस्थेने पुढे नाव बदलले, घोषवाक्य मात्र टिकले.

इंग्लंडात 6 एप्रिल 2020 पासून सहा महिन्यांच्या आतील कुत्र्याचे किंवा मांजराचे पिलू मधल्या व्यापाऱ्याला विकता येत नाही. ज्याला पिलू हवे असेल, त्याने ते पैदास करणाऱ्याच्या घरी जाऊन घ्यावे, किंवा एखाद्या आश्रमातून आणावे.