असीरगडचा ससाणा आणि खानदेशाचे टंके

१/ सोन्याची एक मोहोर. एका बाजूस ससाणा, दुसऱ्या बाजूस मजकूर : ‘अल्लाहु अकबर’, ‘जर्ब असीर’, इलाही सन ४५, महिना इस्फंदारमुज. मोगल नाणी सहसा केवळ अक्षरांनी भरलेली असत. त्यांत हा पक्षी विरळाच. खानदेशाचे स्वातंत्र्य संपल्याची ही मुद्रांकित नोंद आहे.

२/ तापीकाठचे थाळनेर (आज धुळे जिल्ह्यात) ही फारुकी घराण्याची पहिली राजधानी. मलिक राजाची कबर तेथेच आहे. पुढे बुऱ्हाणपूर वसले आणि असीरगड हा राज्याचा कणा ठरला.

३/ राजा अली खानाने अकबराचे वर्चस्व मान्य केले होते. १५९७ मध्ये गोदाकाठच्या लढाईत मोगलांच्या बाजूने लढताना तो पडला. त्याचा पुत्र बहादूर खान मात्र नमला नाही. दीर्घ वेढ्यानंतर जानेवारी १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला. इस्फंदारमुज म्हणजे फेब्रुवारी-मार्च. गड पडल्यानंतर काही आठवड्यांतच ही मोहोर पाडली गेली.

४/ साम्राज्य प्रांतात पोहोचते, तेव्हा नाणे कोणाचे, हा प्रश्न सर्वत्र उभा राहतो. रोमच्या सत्तेखालील सायप्रस बेटावर कांस्याच्या नाण्यांवर एकीकडे सम्राटाचे मस्तक, तर दुसरीकडे पाफोसच्या अफ्रोदितेचे मंदिर दिसते. सम्राट परका, देवी घरची. मोगलांनी अशी वाटणी केली नाही. बुऱ्हाणपूरच्या टांकसाळीतून निघालेल्या नाण्यांवर स्थानिक उरले ते केवळ टांकसाळीचे नाव.

५/ खरा घाव मात्र हिशेबाच्या वहीत बसला. ‘ऐन-ए-अकबरी’नुसार ३२ परगण्यांच्या या सुभ्याचा आकार १,२६,४७,०६२ बरारी टंके होता. असीरगड जिंकल्यावर एक टंका २४ दामांचा धरला गेला आणि आकारात निम्म्याने वाढ झाली.

६/ गणित करून पाहावे. २४ ने गुणल्यास ३०,३५,२९,४८८ दाम; त्यावर निम्मी वाढ केल्यास ४५,५२,९४,२३२ दाम. ‘ऐन’मधील बेरीज नेमकी हीच आहे. ४० दामांचा रुपया या दराने ती १ कोटी १३ लाख रुपयांहून अधिक भरते. मोहोर दरबारी मिरवली. हा आकडा मात्र शेतकऱ्याच्या माथी आला.

७/ नावही बदलले. शाहजादा दानियालवरून सुभ्यास ‘दानदेश’ म्हटले गेले. दानियाल १६०५ मध्ये वारला आणि ते नाव पुढे कागदांतच विरले. १९०६ मध्ये इंग्रजांनी जिल्हा विभागला, तेव्हा नावे पडली ती पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश. आजचे जळगाव, तसेच धुळे आणि नंदुरबार.

८/ नाण्यावरील छाप बादशहाच्या हुकुमाने बदलला, महसुलाचा आकडाही बदलला. लोकांच्या तोंडचे नाव मात्र कोणत्याही टांकसाळीत पाडलेले नव्हते. म्हणून ते टिकले.