चित्रात आमची आई कुठे आहे? : एलिझाबेथ कॅटलेट यांच्या छापाचित्रांचा धडा

दरवर्षी ६ डिसेंबरला आम्ही शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवरून फिरतो. पुस्तकांच्या शेजारी चित्रे मांडलेली असतात. निळ्या कोटातले बाबासाहेब, तथागत बुद्ध, जोतीराव-सावित्रीमाई, रमाई. लोक ती आदराने विकत घेतात, छातीशी धरून घरी नेतात. पण त्याच स्टॉलसमोर भाकरीचे गाठोडे सोडून बसलेली, विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर रेल्वेत उभ्याने आलेली जी बाई असते, तिचे चित्र आम्हाला अजून तिथे दिसलेले नाही.

वस्तीत परतलो की फ्लेक्स दिसतात. त्यावर वाढदिवस असलेला भावी नगरसेवक आठ फुटांचा आणि बाबासाहेब कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे. ज्या चळवळीची सुरुवातच स्वतःच्या वृत्तपत्रापासून झाली, १९२० मध्ये ज्यांच्या नेत्याने 'मूकनायक' काढले, त्यांच्या चित्रांची ही अवस्था का झाली? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला एका कृष्णवर्णीय छापाचित्रकर्तीचा इतिहास फार उपयोगी वाटतो. अमेरिकेतील गुलामगिरी आणि आपली जातिव्यवस्था या दोन गोष्टी एकच नाहीत. पण महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला. नाते जुने आहे.

एलिझाबेथ कॅटलेट यांचा जन्म १९१५ चा, वॉशिंग्टन शहरातला. आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. वडील त्यांच्या जन्माआधीच वारले, आईने नोकरी करून मुले वाढवली. पिट्सबर्गच्या कार्नेगी इन्स्टिट्यूटची शिष्यवृत्ती त्यांनी गुणवत्तेवर मिळवली, पण मुलगी काळी आहे हे कळताच प्रवेश नाकारला गेला. 'मेरिट'चा जप करणाऱ्यांनी हे नीट वाचावे. मेरिट होते, दार बंद होते. त्याच संस्थेने, आता विद्यापीठ होऊन, २००८ मध्ये त्यांना मानद पदवी दिली. तोवर त्या नव्वदी ओलांडून गेल्या होत्या.

त्या हॉवर्ड विद्यापीठात शिकल्या आणि पुढे आयोवा विद्यापीठात गेल्या. तिथे वर्गात प्रवेश होता, वसतिगृहात नव्हता. तिथले शिक्षक, चित्रकार ग्रँट वूड यांनी त्यांना सांगितले की जे तुला सर्वांत जास्त ठाऊक आहे तेच कर. कॅटलेट यांना काळी बाई ठाऊक होती. काळी आई ठाऊक होती. हा विषय त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

पुढे न्यू ऑर्लिन्सला त्या शिक्षिका झाल्या. शहरातल्या संग्रहालयात पिकासोचे प्रदर्शन लागले होते, पण ते ज्या बागेत होते तिथे काळ्यांना पाऊल ठेवायला बंदी. कॅटलेट यांनी विद्यार्थ्यांची बस थेट संग्रहालयाच्या दाराशी नेली. बागेच्या मातीला पाय न लागता मुले आत गेली. महाडच्या तळ्याची गोष्ट ज्यांच्या रक्तात आहे त्यांना या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगायला नको.

पण त्यांना खऱ्या अर्थाने घडवले ते हार्लेममधल्या एका शाळेने. १९४४ च्या सुमारास जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर शाळेत त्या कष्टकऱ्यांना शिकवू लागल्या. दिवसभर दुसऱ्यांच्या घरी धुणी-भांडी, स्वयंपाक करून बाया संध्याकाळी वर्गात यायच्या. कॅटलेट त्यांना शिल्पकलेसोबत कपडे शिवायलाही शिकवत. कलेची भूक या थकलेल्या बायांनाही असते, हे त्या इथे शिकल्या.

मग प्रश्न उभा राहिला : या बायांसाठी चित्र काढायचे तर ते कशावर? संगमरवराचा पुतळा त्या घेणार नाहीत. तैलचित्र एकच असते आणि ते श्रीमंताच्या दिवाणखान्यात जाते. १९४६ मध्ये शिष्यवृत्तीवर त्या मेक्सिकोला गेल्या आणि तिथे त्यांना उत्तर सापडले. 'तायेर दे ग्राफिका पॉप्युलार' ही १९३७ मध्ये स्थापन झालेली लोकांच्या छापाचित्रांची कार्यशाळा. तिच्यामागे प्रेरणा होती होसे ग्वादालूपे पोसादा या जुन्या मेक्सिकन छापाचित्रकाराची, ज्याची चित्रे स्वस्त कागदावर छापून रस्त्यावर विकली जात. कार्यशाळेतले कलावंत कामगार संघटना आणि साक्षरता मोहिमांसाठी पोस्टर करत, नियमित बैठकीत एकमेकांचे काम समोर ठेवत आणि त्यावर सगळे मिळून बोलत.

त्यांचे आवडते माध्यम होते लिनोकट. फरशीवर अंथरायच्या लिनोलियमचा तुकडा घ्यायचा, त्यावर चित्र उलटे काढायचे, बारीक छिन्नीने कोरायचे. कोरलेले पांढरे राहते, न कोरलेल्या भागावर रोलरने शाई लावायची आणि कागद दाबायचा. यंत्र नसेल तर चमच्याच्या पाठीने घासूनही ठसा उठतो. एका तुकड्यातून शेकडो प्रती निघतात. पहिल्या प्रतीचा आणि शंभराव्या प्रतीचा मान सारखाच. समतेचे तत्त्व या तंत्रातच आहे.

१९४६-४७ मध्ये कॅटलेट यांनी पंधरा लिनोकटची मालिका केली : 'द निग्रो वूमन'. तो शब्द तेव्हा काळे लोक स्वतःसाठी वापरत. पुढे या मालिकेचे नाव 'द ब्लॅक वूमन' झाले. आपले नाव आपणच ठेवायचे, हा लढा आपणही लढलो आहोत. या मालिकेत गुलामांना पळवून नेऊन मुक्त करणारी हॅरिएट टबमन आहे, सोजर्नर ट्रुथ आहे, गुलामगिरीत राहून कविता लिहिणारी फिलिस व्हीटली आहे. आणि त्यांच्याच रांगेत शेतात राबणारी, परक्याच्या घरी फरशी पुसणारी, बसमध्ये राखीव बाकावर बसणारी, घरच्या माणसाला जमाव मारील या भीतीत जगणारी, नाव नसलेली बाईही आहे. चित्रांची शीर्षके 'मी' म्हणून बोलतात. फरशी पुसणारी जो 'मी' म्हणते, तोच 'मी' टबमनचा. थोर आणि सामान्य एकाच रांगेत, एकाच आवाजात.

गंमत पाहा, त्याच वर्षी, जुलै १९४६ मध्ये, बाबासाहेबांचा डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांच्याशी पत्रव्यवहार झाला. काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती बाबासाहेबांनी मागितल्या होत्या. एकीकडे अर्ज लिहिला जात होता, दुसरीकडे लिनो कोरला जात होता.

मेक्सिकोत कॅटलेट यांनी चित्रकार फ्रान्सिस्को मोरा यांच्याशी लग्न केले. तीन मुलगे झाले. शिल्पाला लागणारा सलग वेळ लहान मुलांच्या आईला कुठून मिळणार? त्या वर्षांत त्यांनी मुख्यतः छापाचित्रे केली. १९५२ च्या 'शेअरक्रॉपर' या चित्रात वाट्याने जमीन कसणारी बाई आहे. डोक्यावर रुंद गवती टोपी, अंगावरचा कोट सेफ्टी पिनने अडकवलेला, नजर ताठ. ती पिन गरिबी सांगते आणि नजर स्वाभिमान सांगते. दयेला जागा ठेवलेली नाही.

याची किंमत त्यांनी मोजली. मेक्सिकोतील रेल्वे कामगारांच्या संपाच्या काळात त्यांना अटक झाली. १९६२ मध्ये त्या मेक्सिकोच्या नागरिक झाल्या आणि अमेरिकेने त्यांना 'नको असलेली परदेशी' ठरवले. स्वतःच्या मायदेशात पाऊल ठेवायला त्यांना १९७१ पर्यंत थांबावे लागले. कोरणे मात्र थांबले नाही. १९६९ च्या एका लिनोकटमध्ये माल्कम एक्स यांचा चेहरा आहे आणि त्याच्यासोबत काळ्या बायांचे, मुलींचे चेहरे पुन्हा पुन्हा छापलेले आहेत. नेता एकटा नाही. २०१२ मध्ये, ९६ व्या वर्षी, त्या गेल्या.

काही मित्र म्हणतील, अत्याचार रोज होत असताना चित्रांचे काय घेऊन बसलात? आम्ही म्हणतो, आपल्या जलशांनी, गाण्यांनी गावोगाव बाबासाहेब पोहोचवले नसते तर चळवळ उभी राहिली असती का? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिले, तेव्हा त्यांनी गावोगावच्या वृद्ध कार्यकर्त्या बायांना शोधून बोलते केले. त्या पुस्तकातला 'आम्ही' आणि कॅटलेट यांच्या चित्रांतला 'मी' सख्ख्या बहिणी आहेत. शब्दांत हे काम झाले. चित्रांत ते व्हायचे आहे.

बाबासाहेबांचे चित्र घरात असलेच पाहिजे. पण त्यांचे चित्र देव्हाऱ्यातले होऊ द्यायचे नसेल, तर त्यांच्या शेजारी माणसे हवीत. महाडला चालत गेलेली बाई, नामांतरासाठी तुरुंगात गेलेली बाई, आज पहाटे शहर झाडणारी बाई. फ्लेक्सवाल्याकडे तयार साचा मागण्याऐवजी आपल्या वस्तीतल्या पोरापोरींनी लिनोचा एक तुकडा आणावा, आपल्या आईसमोर बसावे आणि कोरायला घ्यावे.

'जय भीम' मात्र उलटे कोरा. कागदावर ते सुलटे उमटेल.