गतिज ऊर्जेच्या सूत्रातला ‘अर्धा’ कुठून आला?

वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, आणि त्याच्या निम्मं. हे सूत्र तुम्ही शाळेपासून लिहीत आलात. आता नेट-सेटची तयारी करणाऱ्या मित्राला विचारा, हे ‘निम्मं’ कुठून आलं? तो म्हणेल, ‘इंटिग्रेशन केलं की येतं.’ बरोबरच आहे. पण लायब्निट्झने याच राशीला ‘व्हिस व्हिवा’ म्हटलं तेव्हा त्यात अर्धा नव्हता, आणि पुढे शंभरेक वर्षं गणितज्ञांचं त्यावाचून काही अडलंही नाही.

अडलं ते यंत्रं बांधणाऱ्यांचं.

फ्रान्समध्ये लाग्रांजचं ‘मेकानिक अनालितिक’ 1788 साली आलं. त्यात एकही आकृती नाही, आणि हे त्याने प्रस्तावनेत मुद्दाम सांगितलंय! एकोल पॉलितेक्निकमध्ये मुलं आधी असलं विश्लेषण शिकत, मग पूल, खाणी, तोफखाना यांच्या शाळांत जात. म्हणजे आधी शास्त्र, मग त्याचा वापर. आपल्याकडेही अजून हीच समजूत आहे ना?

पण पाणचक्की, पंप आणि घोडा यांची तुलना कशी करायची? अभियंत्यांचं माप सोपं होतं: किती वजन किती उंच उचललं. हा गुणाकार व्हिस व्हिवाशी जुळवायला गेलं, की ती बरोब्बर दुप्पट भरते. कोरिओलिसने 1829 च्या पुस्तकात त्या गुणाकाराला ‘त्रावाय’, म्हणजे काम, हे नाव दिलं आणि व्हिस व्हिवा सरळ निम्मी केली. त्याच सुमारास पाँस्ले मेट्झमध्ये कामगारांना यामिकी शिकवत होता. बलाचा आलेख काढायचा. त्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे काम.

आता यावरून ‘कारखान्याने शास्त्र घडवलं’ असं लगेच लिहू नका. कोरिओलिस स्वतः पॉलितेक्निकमध्ये शिकवायचा, विश्लेषण त्याच्या हातचा मळ होता. माझ्या मते गंमत तिथेच आहे: शिकवताना दोन्ही भाषा एकाच फळ्यावर आल्या, म्हणून शब्द बदलले. यावर संशोधन करायचं असेल तर जुन्या पाठ्यपुस्तकांच्या प्रस्तावनांपेक्षा त्यांतली उदाहरणं वाचा. प्रस्तावनेत सगळेच थोर असतात.

आणि हो, ‘कोरिओलिस बल’ तुम्ही वाऱ्यांच्या संदर्भात शिकलात. त्याच्या 1835 च्या निबंधात वारा कुठेच नाही. त्याला पडलेला प्रश्न फिरत्या यंत्रांचा होता.