महासंघाची सत्ता कुणाची?

खेळाचा राष्ट्रीय महासंघ म्हटला की घटना, शिक्का, सरकारी मान्यता डोळ्यांसमोर येते आणि महासंघाची सत्ता याच कागदांतून येते असं आपण धरून चालतो. नॉर्वेच्या स्की महासंघाचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. पायांना लाकडी फळ्या बांधून बर्फावर फिरणं तिथे फार जुनं. सैन्यातल्या स्कीपटूंसाठी 1767 मध्ये बक्षिसंही लावली गेली होती. 1868 मध्ये टेलेमार्क या ग्रामीण भागातला स्कीपटू सोंद्रे नोरहाइम राजधानी क्रिस्तियानियात (आजच्या ओस्लोत) स्पर्धेला उतरला. पीळ घातलेल्या फोकांचं त्याचं बंधन टाचेमागूनही जात असे, त्यामुळे उडी मारताना स्की पायाला घट्ट राही. ग्रामीण भागातलं हे कसब राजधानीने उचललं आणि 1883 मध्ये तिथल्या मंडळींनी स्कीच्या प्रसारासाठी संस्था काढली. 1892 पासून होल्मेनकोलेन टेकडीवरच्या स्की-स्पर्धा याच संस्थेने भरवल्या. पण एका शहरातल्या संस्थेने साऱ्या देशाच्या खेळाचे नियम ठरवायचे, हे फार दिवस चालणारं नव्हतं. 1908 मध्ये गावोगावच्या क्लबांचा मिळून महासंघ उभा राहिला. त्याच्या नियमांना वजन आलं ते क्लबांनी ते मानले म्हणून.

ही संमती गृहीत धरता येत नाही, हे लवकरच दिसलं. 1924 मध्ये कामगार चळवळीने आपला वेगळा क्रीडासंघ काढला. त्यामुळे एकाच गावात दोन क्लब आणि दोन वेगळ्या शर्यती असं चित्र दिसू लागलं. पुढची बरीच वर्षं राष्ट्रीय म्हणवणाऱ्या संघटनेत राष्ट्राचा एक मोठा भाग नव्हताच. ही दुही मिटवायची बोलणी 1940 मध्ये जर्मन आक्रमणानंतर पक्की होत आली होती. त्याच शरद ऋतूत जर्मन कब्जेदारांच्या आश्रयाने चालणाऱ्या, क्विसलिंग या नॉर्वेजियन नेत्याच्या पक्षाने सगळा खेळ एका सरकारी खात्याखाली आणला. मैदानं, तिजोरी, हुकूम काढायचा अधिकार, कागदावर जे जे लागतं ते सारं त्या खात्याच्या हातात आलं. आले नाहीत ते फक्त खेळाडू. लोकांनी स्की करणं सोडलं नाही, रविवारी डोंगराकडे जाणंही थांबवलं नाही. पण खात्याच्या शर्यतीत छातीवर क्रमांक लावून उभं राहायला बहुसंख्य खेळाडूंनी नकार दिला आणि प्रेक्षकांनीही पाठ फिरवली. युद्ध संपेपर्यंत होल्मेनकोलेनची स्पर्धा झाली नाही. उलट, जंगलात चोरून शर्यती होत. निरोप तोंडोतोंडी जाई, वर्तमानपत्रात ओळही येत नसे. ज्यांच्यामागे कायदा होता त्यांच्या शर्यती ओस पडल्या आणि ज्यांच्याकडे कसलाच अधिकार नव्हता त्यांचे निकाल लोकांनी खरे मानले. महासंघाची सत्ता नेमकी कुठे असते, याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

यावर कुणी म्हणेल की हा तर परकीय सत्तेविरुद्धचा लढा होता. चर्च लढलं, शिक्षक लढले, तसेच खेळाडूही, यात महासंघाचा काय संबंध? आक्षेपात तथ्य आहे. पण शिक्षकांचा मोठा लढा 1942 मधला. खेळाडूंचा बहिष्कार त्याच्या आधी, 1940 मध्येच सुरू झाला आणि तो नेमका संघटनेच्या प्रश्नावरून झाला. आपला खेळ कुणी चालवायचा, हाच त्यांचा मुद्दा होता.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. संमती, पण कुणाची? इथे महासंघाची बाजू लंगडी पडते. नॉर्वेची मंडळी हिवाळी ऑलिंपिकलाच आधी विरोध करत होती, कारण होल्मेनकोलेनचा मान कमी होईल अशी भीती होती. उतारावरच्या स्लालम शर्यतींकडेही त्यांनी बराच काळ नाक मुरडलं. आंतरराष्ट्रीय महासंघाने त्या स्वीकारल्या 1930 मध्ये, तेही ओस्लोतल्याच अधिवेशनात. हे हट्ट काळाच्या ओघात निवळले. स्त्रियांचं तसं झालं नाही. योहाने कोलस्ताद या नॉर्वेजियन मुलीने 1938 मध्ये अमेरिकेत 72 मीटर उडी मारली. तेव्हा स्त्रियांसाठी ऑलिंपिकमध्ये स्की-उडीची स्पर्धाच नव्हती, आणि ती आली 2014 मध्ये, सोचीत. क्लबांच्या बैठकांत ज्यांचा आवाज नव्हता त्यांची संमती कुणी विचारलीच नाही, आणि त्यांचा नकारही कुठे नोंदला गेला नाही. म्हणून माझा मुद्दा खोटा ठरत नाही, उलट त्याची दुसरी बाजू पुढे येते: 1940 च्या खेळाडूंकडे मैदानाबाहेर राहण्याचं हत्यार होतं, कारण त्यांना आधी मैदानात जागा होती. कोलस्तादला स्पर्धेत जागाच नव्हती, मग ती बहिष्कार कशावर घालणार?