बिब्ब्याची आग

हयात कलंदरांच्या दर्ग्यामुळे ज्याच्या नावास पीर जोडला गेला, तो मंगरूळचा कसबा पूर्वी बासीम, म्हणजे वाशीम, जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होता. 1905 साली तो जिल्हा मोडला आणि मंगरूळचे दप्तर अकोल्याकडे गेले. या मुलखात गुडघा धरला की बिब्ब्यास सुई टोचून, तो दिव्यावर तापवून, त्याचे काळे तेल सांध्यावर टेकविण्याची रूढी होती. चरकाने रसायनांत गौरविलेल्या याच भल्लातकाने परीट कपड्यांवर खुणा करीत. मात्र बिब्बा उतला की कातडी सुजे, फोड येत. आणि तो फोडून गोडंबी काढणाऱ्या बायकांच्या हातांविषयी तर बोलूच नये.

ही आग खरे तर तेलाची नव्हे, शरीराचीच: तेल ओळखून चवताळलेल्या पेशी सायटोकाइन नावाचे प्रथिनरूपी निरोप धाडतात, आणि आमवातात तसलेच निरोप बाहेरच्या शत्रूवाचून अखंड सुटत राहतात. त्यांपैकी टीएनएफ या निरोप्यास अडविणारे प्रतिपिंड लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयात मार्क फेल्डमन व रविंदर मैनी यांनी 1992 साली आमवाताच्या रुग्णांस दिले. वाशीम जिल्हा पुन्हा झाला त्या 1998 सालीच अमेरिकेत अशा औषधांस परवाना मिळाला. बिब्बा आगीवर आग लावी; हे औषध निरोप वाटेतच अडविते, परंतु क्षयाचा जंतू अंगात दबा धरून नाही ना, हे तपासल्यावाचून ते टोचीत नाहीत.