संततिप्रतिबंधक गोळ्या व नुकसानभरपाई
संततिप्रतिबंधक गोळ्यांच्या दुष्परिणामांमुळे इजा झालेल्या स्त्रियांना उत्पादकाविरुद्ध मिळणारी दाद मुख्यतः धोक्याच्या सूचनेच्या प्रश्नावर अवलंबून राहिली आहे. अमेरिकेत १९६० मध्ये ‘एनोव्हिड’ ही गोळी संततिप्रतिबंधासाठी मान्य झाली. पुढे तिच्यामुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, असे आढळले. डॉक्टरला सूचना दिली की उत्पादकाची जबाबदारी संपते, हे तत्त्व तेथे रूढ होते. सिनेटर नेल्सन यांच्या उपसमितीपुढील सुनावणीनंतर १९७० मध्ये गोळ्यांसोबत स्त्रियांसाठी माहितीपत्रक सक्तीचे झाले. मॅसॅचूसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ऑर्थो कंपनीविरुद्धच्या खटल्यात उत्पादकाने स्त्रीलाही थेट व पुरेशी सूचना दिली पाहिजे, असा निर्णय दिला. पुस्तिकेत मेंदूतील गुठळीचा उल्लेख असला, तरी ‘स्ट्रोक’ (पक्षाघात) हा सामान्य स्त्रीला कळणारा शब्द नव्हता. अनेक राज्यांनी मात्र हे मत स्वीकारले नाही. सूचनेइतकाच कार्यकारणसंबंधाचा पुरावाही निर्णायक ठरतो. इंग्लंडच्या उच्च न्यायालयात तिसऱ्या पिढीतील गोळ्यांचा धोका आधीच्या गोळ्यांच्या दुप्पट असल्याचे सिद्ध न झाल्याने २००२ मध्ये वादी स्त्रियांना भरपाई मिळू शकली नाही.